विश्लेषण: रीलमध्ये फक्त १५ सेकंदांचं गाणं वापरलं, तरी कॉपीराइट लागू होतो?

एडिटिंग ॲपमध्ये व्हिडिओखाली गाणं जोडलं, हवा तेवढा तुकडा कापला, आवाज कमी-जास्त केला की रील तयार. पण ‘१५ सेकंद चालतात’ हा समज चुकीचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट नाही. वर्णनात श्रेय देणं म्हणजेही परवानगी नव्हे.

जुनी गाणी तरी मोकळी असतात का? ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. गीतकार-संगीतकारांचा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

खरी अडचण छोट्या व्यावसायिकांची होते. इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतली गाणी वैयक्तिक वापरासाठी असतात. दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी केलेली रील मात्र जाहिरात ठरते. म्हणूनच बिझनेस अकाउंटला अनेक लोकप्रिय गाणी दिसत नाहीत. तीच गाणी दुसऱ्या ॲपमधून जोडली, तरी परवानगी लागतेच.

यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा असं संगीत ओळखते. मग हक्कदार व्हिडिओ रोखू शकतो किंवा त्याची कमाई स्वतःकडे वळवू शकतो.

मग पर्याय काय? यूट्यूबसाठी तिथलीच ऑडिओ लायब्ररी, इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी मेटाचं साउंड कलेक्शन. गाणं निवडण्याआधी त्याच्या अटी वाचणं, हे एडिटिंगचंच पहिलं काम आहे.