डॉसचा सौदा आणि आपले कारागीर

अमरावती-अकोल्याच्या कापड बाजारात संगणकाचे आता कोणाला नवल नाही. पण त्यावर पूर्वी चालणाऱ्या डॉस या प्रणालीचा सौदा कसा झाला, हे आपल्या थोड्याच बांधवांना ठाऊक असेल. आमच्या मते तो संगणकवाल्यांपेक्षा आपल्याच कामाचा आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम प्रणाली तयार केली. काही वर्षे बाजारात तिचाच बोलबाला होता. १९८० मध्ये आयबीएम ही बडी कंपनी त्यांच्याकडे गेली, पण बोलणी जुळली नाहीत. मग बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टने काम घेतले. गंमत अशी की, माल त्यांच्याकडे नव्हताच! सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीत टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या धर्तीवर एक प्रणाली लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने आधी २५ हजार डॉलर देऊन ती विकण्याचा परवाना घेतला. खरे गिऱ्हाईक आयबीएम आहे, हे तेव्हा सांगितले नाही. दलालीतली ही जुनीच चाल. जुलै १९८१ मध्ये आणखी ५० हजार देऊन मालकीही घेतली.

खरी हुशारी पुढेच आहे. आयबीएमला प्रणाली देताना ती इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. आयबीएमसारखे संगणक बनवणारे जसजसे वाढले, तसतसे डॉसचे गिऱ्हाईक वाढले. सिएटलवाल्यांनीही आपल्या संगणकाबरोबर डॉस विकण्याची मुभा करारात राखली होती. त्यावरून वाद कोर्टात गेला आणि १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तडजोडीत सुमारे सव्वानऊ लाख डॉलर मोजले. अख्खी प्रणाली ७५ हजारांत गेली आणि करारातल्या एका कलमाने सव्वानऊ लाख आणले!

आपल्याकडे काय चालते? कारागीर नक्षी काढतो, व्यापारी एकदाच पैसे देतो आणि तीच नक्षी दहा ठिकाणी छापून घेतो. आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी आहोत. हे बोलणे आमच्या बाजूला टोचेल, तरी खरे ते खरे. दुकानदारांना हिशेबाचे प्रोग्राम लिहून देणारी आपली मुलेही तोंडी बोलीवरच काम करतात. सूरह बकराहमधील कर्जाच्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपल्या बाजारात मात्र कागद मागितला की समोरच्याला राग येतो.

कायदा कारागिराच्या विरुद्ध नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचे प्रोग्रामही येतात आणि सहीच्या लेखी कागदाशिवाय हक्क दुसऱ्याला देता येत नाही. नोकरीत लिहिलेला प्रोग्राम मात्र सहसा मालकाचा. कापडावरची नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येते, पण बाजारात आणण्यापूर्वी. तिला दहा वर्षे संरक्षण मिळते, पुढे पाच वर्षे वाढवता येते.

अमरावती व अकोल्याच्या व्यापारी मंडळींनी कराराचा साधा नमुना मराठी आणि उर्दूत छापून द्यावा. नक्षी किती नगांसाठी, किती मुदतीसाठी आणि इतरांना देण्याची मुभा कोणाला, एवढे त्यात असले तरी सुरुवात होईल.