कवटीच्या भेगेला अँटिबायोटिकची ढाल

वसमतच्या बाजारात हळदीची आवक वाढली की हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली आणि डोक्यावर हेल्मेट नसलं, की जखमीला थेट नांदेडला हलवावं लागतं. तेव्हा नातेवाईक हमखास विचारतात, ‘अँटिबायोटिक चालू केलं ना?’

त्यामागची भीती खरी आहे. कवटीचा तळ तडकला की मेंदूचं आवरण फाटू शकतं. मग आतलं पाणी नाकाकानातून गळतं, त्याच वाटेने जंतू आत शिरतात आणि मेंदूज्वर होतो. म्हणून आधीच औषध दिलेलं बरं, त्यात बिघडलं कुठे, असं म्हटलं जातं.

पुराव्यापुढे हे म्हणणं टिकत नाही. कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात पाच चाचण्यांतल्या 208 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. पाणी गळत असो वा नसो, प्रतिबंधक अँटिबायोटिकमुळे मेंदूज्वर किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. चाचण्या लहान होत्या, हा आक्षेप रास्तच. पण फायदा नाहीच हे सिद्ध झालेलं नाही म्हणून सरसकट सुया टोचा, हे कुठलं तर्कशास्त्र? आवरणाला सूज नसताना बरीच अँटिबायोटिक्स आतल्या पाण्यात पुरेशी उतरत नाहीत. नाक-घशातले साधे जंतू मात्र मरतात आणि औषधाला दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. पुढे खरोखरच मेंदूज्वर झाला, तर नेहमीचं औषध लागू पडेलच असं नाही.

उघड्या जखमेखाली हाड आत दबलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जखम साफ करणं आणि अँटिबायोटिक लागतंच, अनेकदा शस्त्रक्रियाही.

तळाच्या भेगेत खरं काम नजर ठेवण्याचं. उशीवर रक्ताच्या डागाभोवती फिकट ओलं कडं उमटलं, वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे थेंब पडले, कानामागे काळंनिळं झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. उशाशी उंची द्यावी, नाक शिंकरू देऊ नये, नाकात बोळा कोंबू नये. बहुतेकांची गळती आठवडाभरात आपोआप थांबते. नाही थांबली तर धोका वाढतो आणि भेग बुजवण्याचा विचार करावा लागतो. गळती असलेल्यांनी न्यूमोकोकसच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

ताप आला, मान ताठरली, रुग्ण बरळू लागला, तर मात्र अँटिबायोटिकला तासाचाही उशीर नको. सेनगाव-औंढ्याहून मोठं रुग्णालय गाठण्यातच बराच वेळ जातो. म्हणून घरी सोडताना ही लक्षणं मराठीत लिहिलेला कागद रुग्णालयांनी प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावा.