धान्य घरचें, तेल परक्याचें

आपला देश अन्नधान्यांत स्वयंपूर्ण झाला, हें वाक्य इतकें रुळलें आहे कीं त्यापाशीं कोणी थांबत नाहीं. गहू व तांदूळ यांपुरतें तें खरें आहे. परंतु आपल्या घरीं फोडणीस लागणारें तेल निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें; आणि त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

गव्हाची भरभराट केवळ बियाण्यानें झाली नाहीं. १९६६ सालीं मेक्सिकोहून १८,००० टन बियाणें आलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं भाव सुचविणारा आयोग व धान्य विकत घेणारें महामंडळ स्थापन झालें, तें मात्र विसरलें जातें. पंजाबच्या शेतकऱ्यानें नवें बीं पेरलें, तें पाणी, खत आणि गिऱ्हाईक हीं तिन्ही दाराशीं होतीं म्हणून.

तेलबियांस असें गिऱ्हाईक लाभलें नाहीं. १९८६ सालीं तेलबियांची मोहीम निघाली, भावाचा व जकातीचा आधार मिळाला, आणि थोड्याच वर्षांत देश तेलाच्या बाबतींत जवळजवळ आपल्या पायांवर उभा राहिला. १९९४ पासून आयात खुली होत गेली, तों मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलानें बाजार व्यापला. पीकपाहणीचे कागद ज्यांनीं वर्षानुवर्षें हाताळले, त्यांस करडई, जवस व कारळा यांच्या नोंदी कशा आटल्या तें सांगावयास नको. (करडईंत तेल सोयाबीनच्या दीडपट निघतें, हें जातां जातां नमूद करतों.) पुढें एप्रिल २०२२ मध्यें इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात बंद केली. बंदी महिनाभरहि टिकली नाहीं. पण परक्याच्या कोठारावर चूल पेटविणें म्हणजे काय, तें तेवढ्यांत कळलें.

धोरणाचा नेम पाहा. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात सप्टेंबर २०२४ मध्यें शून्यावरून २० टक्के झाली. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, ती १० टक्क्यांवर आली. २०२४ च्या खरिपांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता, आणि आपल्याकडील अनेक बाजारांत माल त्याहून कमी दरानें गेला. खरेदीकेंद्रें होतीं, परंतु ओलाव्याची अट, बारदानाची वाट आणि नोंदणीची रांग यांतून ज्यास सावकाराचें देणें फेडावयाचें आहे, तो किती दिवस थांबणार? शहरांतील ग्राहकास तेल स्वस्त हवें, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र ती स्वस्ताई एकट्या जिरायत शेतकऱ्याच्या पदरांतून काढूं नये.

आमचें मागणें दोनच गोष्टींचें आहे. जकातीचा दर पेरणीपूर्वीं जाहीर व्हावा व माल विकला जाईपर्यंत तो बदलूं नये. आणि खरेदीचा कांटा मळणीच्या आधीं गांवाजवळ लागावा. सोसायट्यांनीं असे ठराव करून येत्या पेरणीच्या आंत सरकारकडे धाडावेत.