टॅब म्हातारा झाला नाही, म्हातारा ठरवला गेलाय



सोयाबीनची रास झाली, माल मोंढ्यात गेला, हातात चार पैसे आले की विचारणा सुरू होते. यंदा चार-पाच जण एकच गोष्ट विचारायलेत. "दादा, घरातला सात-आठ इंची टॅब जुना झालाय, लई हळू चालायलाय, अमुक अ‍ॅप घेईना गेलाय. नवा घ्यावा का?" लातूरकडच्या एका कृषी सहायकानंही हेच विचारलं. म्हणून सगळ्यांना एकदाच सांगतो. घेऊ नका. निदान ज्या कारणासाठी घ्यायलाव, त्या कारणासाठी तर अजिबात घेऊ नका.

जुनं म्हणजे निकामी, असं शेतीत कोणी मानत नाही. ट्रॅक्टर धूर मारायला लागला की आपण आधी एअर फिल्टर बघतो, नोझल बघतो, मिस्त्रीला बोलावतो, आणि मग विकायचं का ठेवायचं ते ठरवतो. बैलाचं वय झालं तरी हलक्या कामाला ठेवतो. टॅबच्या बाबतीत मात्र दुकानदार "याचं आता काही होत नाही" म्हणाला की आपण मान डोलावतो आणि हप्त्याच्या कागदावर सही करतो. बिघडलंय काय, हे विचारायचंच राहून जातं.

माझा टॅब 2017 चा, आठ इंची. त्यात आठ वर्षांच्या नोंदी आहेत. कोणत्या गटात एमएयूएस 71 होतं, कुठं एमएयूएस 612 घेतलं, बॅगेला उतारा किती पडला, बीडीएन 711 कधी टोकली, फवारणीचा खर्च किती, मजुरी किती. शेतात बसवलेल्या पर्जन्यमापकाचा रोजचा आकडा आहे. या आकड्याचं महत्त्व हलक्यात घेऊ नका. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळाचं यंत्र एकीकडं आणि आपलं रान दुसरीकडं, अशी गत असली तर बोलायला आपल्याजवळ तारीख आणि आकडा तरी पाहिजे. हे सगळं लिहायला 2017 चा टॅब पुरत होता, आजही पुरतो. सोयाबीनचं वजन लिहायला आठ कोरचा प्रोसेसर लागत नाही.

मग टॅब म्हातारा झाला म्हणजे झालं काय? अ‍ॅप त्याला घ्यायला तयार नाही, एवढंच. इथं माझी खरी तक्रार आहे.

15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कल्पना वाईट नव्हती. आपलं पीक आपण नोंदवायचं, चावडीत बसून कोणी अंदाजानं सातबारा भरायचा नाही. वर्षभरात, ऑगस्ट 2022 ला दुसरी आवृत्ती आली. त्यानंतर डिजिटल क्रॉप सर्वेच्या धर्तीवर डीसीएस नावाचं वेगळंच अ‍ॅप आलं. गटात उभं राहून फोटो, त्यावर अक्षांश-रेखांश, हद्दीची तपासणी. पीक विमा, हमीभावाची खरेदी, सगळ्याचं टोक शेवटी या नोंदीला जाऊन लागतं. 15 एप्रिल 2025 पासून योजनांना शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला. पीएम किसानचं केवायसी चेहरा दाखवून करायची सोय 2023 ला आली. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला कारण आहे. सगळ्या मिळून मात्र एक अट तयार होते, ती कोणत्याच शासन निर्णयात लिहिलेली नाही : शेतकऱ्याकडं बऱ्यापैकी नवं यंत्र पाहिजे.

त्या यंत्राचे पैसे कोण देणार? आपणच.

हिशोब करा. साधा आठ-नऊ इंची टॅब बारा हजाराला धरू. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये. म्हणजे सव्वादोन क्विंटल, तेही हमीभावानं गेलं तर. 4,300 नं विकावं लागलं तर पावणेतीन क्विंटलच्या वर. अतिवृष्टीत जिरायतीला आपत्ती निधीतून हेक्टरी 8,500 रुपये धरलेत. एका हेक्टरचं पीक गेलं तर मिळणाऱ्या पैशात टॅब येत नाही, असा हा भाव आहे. आणि त्या बारा हजारात 18 टक्क्यांनी साधारण 1,830 रुपये जीएसटी आहे. 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टरचा जीएसटी 12 वरून 5 वर आणला, चांगलं केलं. मोबाईल आणि टॅब 18 वरच राहिले. ज्या अवजाराशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही, त्याला शेतीचं अवजार म्हणायचं नाही, हे कसलं शहाणपण? व्यापारी हा कर हिशोबात वळता करून घेतो. आपल्याला तशी सोय नाही, आपण तो भरून मोकळे.

कोणी म्हणेल, एकदा घेतला की दहा वर्षं मिटलं. मिटत नाही. एक रुपयात पीक विमा 2023 च्या खरिपाला आला आणि 2025 च्या खरिपाला बंद झाला. तोवर 72 तासांच्या आत अ‍ॅपवरून नुकसान कळवा म्हणून धावपळ होती. चिखलात उभं राहून फोटो चढवायचा, रेंज नाही म्हणून धुऱ्यावरून रस्त्यावर यायचं. आता आपल्याकडं भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. ज्यानं त्या 72 तासांच्या धाकानं नवं यंत्र घेतलं असेल, त्याचा नियम गेला आणि यंत्र हातात राहिलं. योजना टॅबपेक्षा लवकर म्हातारी होते. तिच्या मागं पळून खरेदी करू नका.

आता अ‍ॅप जुन्या टॅबवर का चालत नाही ते बघू, कारण यात लई गोलमाल सांगतात. "गुगलनंच बंद केलं" हे उत्तर अर्धं खरं आहे. गुगल दरवर्षी अ‍ॅपवाल्यांना सांगतं की नव्या अँड्रॉइडसाठी अ‍ॅप तयार ठेवा. पण किती जुन्या अँड्रॉइडपर्यंत चालू द्यायचं, हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो. अ‍ॅपमध्ये वापरलेले काही सुटे भाग फार जुन्यावर चालत नाहीत, हे मान्य. तरी मर्यादा कुठं आखायची हा बनवणाऱ्याचा निर्णय असतो. व्हॉट्सअ‍ॅपसारखं एवढं मोठं अ‍ॅप, त्यांनी 1 जानेवारी 2025 ला अँड्रॉइड 4.4 सोडलं, पण 5.0 पासून पुढं चालू ठेवलं. ते अँड्रॉइड 2014 चं आहे. पीक, गट नंबर, एक फोटो आणि दोन आकडे पाठवायला त्याहून भारी यंत्र काहून लागावं?

इथं आमच्या कृषी पदवीधर मित्रांना राग येईल. येऊ द्या. बैठकीत नवं अ‍ॅप दाखवताना तुमच्या हातात यंदाचा फोन असतो, हॉलला वायफाय असतं. क्रॉपसॅपची कीड-रोग पाहणी आपल्या राज्यात 2009-10 ला सुरू झाली, तेव्हा हातात असा फोन किती जणांच्या होता? शेतात चालत जाऊन झाडं मोजली, अळ्या मोजल्या, आकडे वर गेले, सल्ला खाली आला. मोजणारा माणूस हे त्याचं बळ होतं. अ‍ॅपनं ते काम सोपं करावं, मोजणाऱ्यालाच बाहेर काढू नये.

ऑगस्ट 2025 मधला मुखेड तालुका आठवा. 17-18 ऑगस्टच्या रात्री लेंडीचं पाणी गावांत शिरलं, हसनाळसारख्या गावात माणसं गेली, जनावरं गेली. खरिपाची पाहणी 1 ऑगस्टला सुरू झाली होती, बऱ्याच जणांची व्हायची होती. पिकावर पाणी आणि घरात चिखल असताना कोणाचा टॅब चार्ज होता, कोणाचा नव्हता, याच्यावर पिकाची नोंद ठरावी का?

बरं, शासनाला शिव्या देऊन टॅब नीट होणार नाही. म्हणून मिस्त्रीसारखं बघू.

सगळ्यात आधी टॅबच्या पाठीवरून बोट फिरवा. पाठ फुगलेली असेल, पडदा कडेनं उचललेला असेल, तर बॅटरी फुगलीय. तो टॅब आजच बंद करा. चार्जिंगला लावू नका, फुगा फोडायचा प्रयत्न करू नका, उशाला तर अजिबात ठेवू नका. एवढ्या एका गोष्टीत दुसरा विचार नाही. बॅटरी बदलून मिळत असेल तर बदला, नसेल तर टॅबला राम राम. आपल्याकडं उन्हाळ्यात 42-43 अंश असतं. आखाड्याच्या पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला टॅब वयानं मरत नाही, उन्हानं मरतो. रात्रभर चार्जरला लावून ठेवायची सवयही सोडा.

मग जीपीएस. टॅब घेऊन गटात जा, इंटरनेट बंद करा आणि नकाशा उघडा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, आभाळ लागतं. आंब्याखाली किंवा शेडमध्ये उभं राहू नका. टॅब बरेच दिवस बंद असेल तर उघड्यावर दहा-पंधरा मिनिटं द्या, कारण उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत "लोकेशन येईना" म्हणून दुकान गाठणारे लई बघितलेत. एवढं करूनही ठिकाण शेजाऱ्याच्या गटात दाखवत असेल, तर त्या टॅबवर पाहणी होणार नाही. आणि हो, नवा घेणाऱ्यांनी हे आधी ऐका. बिनसिमच्या, नुसत्या वायफायवाल्या काही टॅबमध्ये जीपीएसच नसतं. वायफायवाल्या आयपॅडमध्ये नाहीच. चाळीस हजार घालून बांधावर उभं राहिलं तरी गट सापडणार नाही. दुकानात हे आपणहून कोणी सांगत नाही.

हळू चालतो म्हणता, तर आत काय भरलंय ते बघा. गुड मॉर्निंगचे फोटो, वरातीचे व्हिडिओ, बंद पडलेल्या योजनांची चार अ‍ॅप. नोंदी आणि फोटो आधी दुसरीकडं उतरवून घ्या, मग झाडून काढा. पाचवा हिस्सा तरी जागा मोकळी ठेवा. त्यानंतरही हळू असेल तर हळू. नोंदी लिहायला घाई नाही.

बँक आणि यूपीआय मात्र जुन्या टॅबवर ठेवू नका. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर पैशाचा व्यवहार म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य. याला जोडूनच एक धोका सध्या फिरायलाय. प्ले स्टोअर अ‍ॅप देईना, की कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल पाठवतं. पीएम किसानच्या नावानं, वाहनाच्या दंडाच्या नावानं अशा फाईल फिरल्यात आणि लोकांची खाती रिकामी झालीत. ओळखीच्या नंबरवरून आली तरी टाकू नका, तोच नंबर आधी फसलेला असतो. जुन्या यंत्राला दारातून परत पाठवलं की माणूस अशी खिडकी शोधतो. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी याचाही विचार करायला पाहिजे होता.

मग पाहणी करायची कशी? एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भावकीत, शेजारात एकाकडं तरी जीपीएस चांगलं असलेला फोन असतो. त्याला घेऊन एका सकाळी पाच-सहा गट उरका. आपण पेरणी यंत्र मागून घेतो, फवारणीचा पंप मागून घेतो, तिथं लाजत नाही. त्यातूनही राहिलं तर गावाला नेमलेला पाहणी सहायक आहे. त्याला आधीच सांगून ठेवा आणि नोंद झाल्यावर सातबारा स्वतः उघडून बघा. "झालं म्हणाला" यावर राहू नका. घरातल्या सगळ्यांचे फोन जुने असतील आणि एक काहीतरी घ्यावंच लागणार असेल, तर टॅब न घेता सिम आणि जीपीएसवाला साधा फोन घ्या. टॅब नोंदींना राहू द्या.

डोळ्यांना त्रास म्हणून मोठा पडदा पाहिजे, लेकराच्या अभ्यासाला पाहिजे, तर घ्या की. ती आपली गरज आहे, तिचा हिशोब आपला. दुसऱ्याच्या अ‍ॅपसाठी नको.

कृषी विभागात, विद्यापीठात, कंपन्यांत अ‍ॅपचं काम बघणारे काही जण हे पान वाचतात. पुढच्या वेळी अ‍ॅप गावात आणण्याआधी चाचणी सात-आठ वर्षं जुन्या टॅबवर घ्या, रेंज नसलेल्या रानात घ्या आणि कमीत कमी कोणतं अँड्रॉइड लागेल ते मराठीत पहिल्याच ओळीत लिहा. टॅब हवा असेल तर माझा देतो, आठवडाभर घेऊन जा. नोंदी तेवढ्या पुसू नका.