नखाच्या मुळाशी रोगाचा सुगावा

संधिवात म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते सुजलेले गुडघे. पण संधिवाताच्याच कुळातले काही आजार आधी बारीक रक्तवाहिन्यांवर घाला घालतात. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात, मग निळसर आणि शेवटी लाल होतात. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये या तक्रारीचं वर्णन केलं.

बहुतेकांमध्ये ही तक्रार निरुपद्रवी असते. काहींमध्ये मात्र ती स्क्लेरोडर्माची पहिली खूण ठरते. या आजारात कातडी ताठरते, पुढे फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही बिघडू शकतात. म्हणून तो लवकर ओळखणं महत्त्वाचं.

चेन्नईत मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. ए. एन. चंद्रशेखरन यांनी संधिवाताचा स्वतंत्र विभाग उभा केला. पण रुग्णाला वेळेवर शंका तर यायला हवी! अशा उकाड्याच्या शहरात बोटं गारठतात ती एसी ऑफिसात किंवा फ्रीजपाशी, आणि सावळ्या कातडीवर रंगबदल पटकन लक्षात येत नाही.

मग साधी तक्रार कोणती आणि गंभीर कोणती? उत्तर नखाच्या मुळाशी आहे. तिथल्या केशवाहिन्या कातडीखाली आडव्या असल्याने भिंगातून दिसतात. निरोगी बोटात त्या हेअरपिनसारख्या, एका ओळीत, दर मिलिमीटरला साधारण सात किंवा अधिक असतात. स्क्लेरोडर्मात काही फुगतात, काहींतून रक्त झिरपतं, काही नाहीशाच होतात. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या बदलांना गुण दिले आहेत.

या तपासणीचं खास यंत्र महाग असतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांचा ऑफ्थॅल्मोस्कोप, त्वचारोगतज्ज्ञांचा डर्मॅटोस्कोप किंवा संगणकाला जोडायचा स्वस्त यूएसबी सूक्ष्मदर्शकही मोठे बदल दाखवतो. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकायचा आणि पाहायचं. ना सुई, ना वेदना.

साध्या भिंगातून बारीक बदल निसटू शकतात. त्यामुळे केशवाहिन्या ठीक दिसल्या तरी डॉक्टरांनी सांगितलेली एएनए ही रक्तचाचणी टाळू नका.

तपासणीला जाताना नेलपॉलिश काढा. आधीचे काही आठवडे नखाकडेची कातडी कापू नका. पोहोचल्यावर पंधरावीस मिनिटं बसून हात नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. तंबाखू आणि सिगारेट मात्र कायमची सोडा, कारण त्यांनी रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

बोटं वारंवार पांढरी पडत असतील, बोटांच्या टोकांवर जखमा होत असतील किंवा हात सुजून कडक वाटत असतील, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. संधिवाततज्ज्ञांना भेटा आणि विचारा, ‘डॉक्टर, माझ्या नखांची मुळं भिंगातून पाहाल का?’