लबाडीची लस

‘खेळ हा पोरासोरांचा, शहाण्यासुरत्यांनी त्यात वेळ दवडू नये,’ असे म्हणणारे प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या करमाळ्यात पुष्कळ आहेत. हेच गृहस्थ सकाळी चहाच्या कपाबरोबर मोबाईल हाती घेतात आणि कोण्या निनावी माणसाचा मजकूर दहा घरी पोचवून मोकळे होतात! आमचे भांडण त्यांच्याशी आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांचा मरेपर्यंत मार देऊन बळी घेतला. कारण काय, तर मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही मोबाईलवरून पसरलेली आवई. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी, पोटासाठी भिक्षा मागत हिंडणारे. त्यांतले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. आवई पुढे ढकलणाऱ्याच्या हाताला रक्त लागत नाही, एवढेच!

यावर उपदेश पुष्कळ झाला. पण उपदेश शेजाऱ्यासाठी असतो, अशी प्रत्येकाची समजूत. देवीचा रोग गेला तो उपदेशाने नव्हे, लशीने. हेच तत्त्व धरून केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने २०१८ साली ‘बॅड न्यूज’ नावाचा खेळ निघाला. त्यात खेळणाराच ठग होतो. भीती घालतो, खोटे तज्ज्ञ उभे करतो, माणसांत फूट पाडतो. म्हणजे मुलांना लबाडी शिकवायची काय? छे! हातचलाखी कळलेला माणूस जुगारी होत नाही; तो फसत नाही.

याच धर्तीचा खेळ उत्तर भारतातील खेड्यांत करून पाहिला, तेव्हा मात्र गुण दिसला नाही. आम्ही ते लपवीत नाही. आमच्या मते, परक्या साच्यातला खेळ पुरणार नाही. आपला आपणच रचला पाहिजे.

तेव्हा वाचकहो, फराळ झाला की घरच्यांनी गोल करून बसावे. प्रत्येकाने एक बनावट बातमी चिठ्ठीवर लिहावी. बाकीच्यांनी विचारावे : कोणी पाहिले? केव्हा? सांगणाऱ्याचे नाव काय? ‘ताबडतोब पुढे पाठवा’ ही घाई कशाला? पहिली चिठ्ठी आजोबांनी उघडावी आणि नातवाकडून हरण्याची तयारी ठेवावी. शेवटी साऱ्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात. एकही मोबाईलवर जाता कामा नये.

राईनपाड्याला हे चार प्रश्न कोणी वेळेवर विचारले असते, तर त्या पाच घरांतही आज पणती लागली असती.