आंधळा कोपरा

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. माझी थोरली बहीण मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीला राहते. ओवाळून घ्यायला आम्ही चौघं पुण्याहून निघालो. पौड रस्ता, पिरंगुटचा घाट, सगळं निर्वेध पार पडलं. ताईच्या घराकडे वळण्यासाठी मी डावा दिवा लावला, आरशात पाहिलं, रस्ता मोकळा दिसला आणि गाडी वळवली. तोच मागून कन्या किंचाळली, "बाबा, थांबा!"

करकचून ब्रेक दाबला. दाराला चाटून एक मोटारसायकल निसटली. टाकीवर पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर फराळाचा डबा. तोही भाऊबीजेलाच निघाला असावा. त्यानं शिवी दिली नाही. वळून नुसतं पाहिलं. त्यापेक्षा शिवी परवडली असती! ओवाळताना ताईनं विचारलं, "हात का रे थरथरतोय?" मी थंडीवर ढकललं.

तेव्हापासून घरात एकच वाद. गाडीला 'ब्लाइंड स्पॉट'चं यंत्र बसवावं की नाही? चिरंजीवांनी व्याख्यान दिलं : मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रडार बसतं, आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यात वाहन आलं की आरशापाशी दिवा लागतो, त्याच बाजूचा इंडिकेटर दिला तर यंत्र ओरडतं.

"मी इतकी वर्षं शेजारी बसून ओरडतेच आहे की, आणि तेही फुकट!" सौभाग्यवती म्हणाल्या.

असा कोपरा फक्त गाडीलाच असतो असं मात्र नाही. मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६६० च्या दशकात दाखवून दिलं की, माणसाच्या डोळ्यातून दृष्टीची नस जिथे बाहेर पडते तिथे काहीच दिसत नाही. ती रिकामी जागा मेंदू आसपासच्या रंगांनी भरून काढतो, म्हणून आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. माझा 'मोकळा रस्ता' त्यातलाच!

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरनं १९९५ सालच्या एका निबंधात आरसे लावायची रीत दिली आहे. आरशात आपल्याच गाडीची कूस न्याहाळत बसायचं नाही. डोकं उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा, आणि डोकं गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा बाहेर वळवायचा. गाडीची कडा जेमतेम दिसेपर्यंत. मी तसं केलं. कोपरा पुष्कळ आकसला. खर्च शून्य.

मग यंत्र कशाला? कर्वे रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दुचाक्या वाहत असतात; तिथे तो दिवा विझायचाच नाही, आणि सदा जळणाऱ्या दिव्याकडे लक्ष कोण देतो? मुळशीच्या पावसात बंपर चिखलानं माखला की रडारही चाचपडतं.

इतकं सगळं मान्य करूनही मी यंत्र बसवायचं ठरवलं आहे. अट एकच : दिवा लागो न लागो, मान वळवून पाहायचंच. कारण पुढल्या वर्षी कन्या स्वतः गाडी चालवू लागेल. आणि तेव्हा मागच्या सीटवरून ओरडायला ती नसेल.